मुतालिकांचे राज्य : उमाबाई दाभाडे यांचे बंड

(आखाडा बाळापूर येथील स्मृती व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मराठ्यांच्या इतिहासाच्या पुस्तकांत ‘बाळापूरची लढाई’ असा उल्लेख येतो. इथल्या एखाद्या विद्यार्थ्याने तो वाचला की त्याची छाती फुगणार. त्याची थोडी निराशा करतो. ते बाळापूर अकोल्याकडचे, आपले आखाडा बाळापूर नव्हे. पण आजच्या विषयाचा धागा त्या बाळापुरापासूनच निघतो, म्हणून सुरुवात तिथून करू.

ऑगस्ट १७२० मध्ये त्या बाळापुराजवळ निजाम-उल्-मुल्क आणि मोगल सुभेदार आलमअली खान यांची गाठ पडली. मराठे आलमअलीच्या बाजूने होते आणि त्यांच्या फौजेत सेनापती खंडेराव दाभाडे होते. आलमअली मारला गेला, निजाम जिंकला, आणि पुढची सव्वादोनशे वर्षे आपला हा मुलूख त्याच्या घराण्याकडे राहिला. त्या हरलेल्या लढाईत खंडेरावांच्या हाताखालचा एक माणूस मात्र फार चांगला लढला. त्याचे नाव दमाजी गायकवाड. खंडेरावांनी शाहू महाराजांकडे त्याची शिफारस केली आणि त्याला ‘शमशेर बहादूर’ हा किताब आणि सेनापतीच्या खालची दुसऱ्या क्रमांकाची जागा मिळाली. हा दमाजी लवकरच वारला. जागेवर त्याचा पुतण्या पिलाजी आला आणि पिलाजीनंतर त्याचा मुलगा, हाही दमाजीच. बडोद्याच्या गायकवाडांचे मूळ हे असे आहे. ज्या दाभाड्यांनी त्यांना वर आणले, त्या घरातली सून उमाबाई आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

उमाबाईंचे माहेर नाशिककडचे, कळवण भागातले अभोणे. वडील देवराव ठोके देशमुख. सासर तळेगाव, ज्याला आजही सगळे तळेगाव दाभाडे म्हणतात. वणीच्या सप्तशृंगी गडावर ४७० पायऱ्या त्यांनी १७१० मध्ये बांधवून घेतल्या. त्याचे शिलालेख तिथेच आहेत. आपल्याकडून देवीला जायचे तर लोक माहूरला जातात, वणी लांब पडते. पण साडेतीन पीठांपैकी जे अर्धे पीठ म्हणतात, त्याच्या चढणीवर या बाईंचे नाव कोरलेले आहे. नवरा खंडेराव मोहिमांवर असताना मोठे बांधकाम उभे करायचे, त्याचा पैसा सांभाळायचा आणि शेवटी त्यावर आपले नाव घालायचे, हे त्यांना तरुणपणीच जमत होते.

खंडेराव ११ जानेवारी १७१७ रोजी सेनापती झाले. सुरत ते बऱ्हाणपूर हा त्या काळातला मोठा व्यापारी रस्ता त्यांच्या टाचेखाली होता. तो मोकळा करायला मोगल सुभेदार हुसेनअली सय्यदाने पाठवलेली फौज त्यांनी कापून काढली. गुजरात ही दाभाड्यांची कमाई आहे, पेशव्यांची नव्हे, ही गोष्ट इथेच नोंदवून ठेवा. पुढचे सगळे भांडण याच एका गोष्टीवरचे आहे. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा. सुरत, अहमदाबाद, भडोच असलेल्या सुभ्याचा चौथा आणि दहावा हिस्सा कोणाच्या पिशवीत जायचा, एवढाच प्रश्न होता. त्यासाठी दोन पिढ्या माणसे मेली.

खंडेराव २७ सप्टेंबर १७२९ रोजी वारले. थोरला मुलगा त्रिंबकराव जानेवारी १७३० मध्ये सेनापती झाला. त्याच वर्षी बाजीराव पेशव्याचे भाऊ चिमाजी अप्पांनी गुजरातच्या सुभेदाराकडून, सरबुलंदखानाकडून, सुभ्याची चौथाई आणि सरदेशमुखी पेशव्यांच्या नावे लिहून घेतली. सेनापतीच्या मुलखाची चौथाई पेशव्याच्या नावे लागली. आता यात निजाम शिरला. १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडला बाजीरावाने त्याला कोंडले होते आणि मुंगी-शेवगावला तह लिहून घेतला होता, त्याची जखम ताजी होती. चिडलेला सेनापती त्याला आयताच मिळाला. त्रिंबकराव, पिलाजी गायकवाड, उदाजी पवार, कंठाजी कदम बांडे असे सगळे एकत्र आले आणि निजामाची त्यांना फूस होती. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ बाजीरावाशी त्यांची लढाई झाली. त्रिंबकराव गोळी लागून पडला.

त्रिंबकरावाने निजामाशी संधान बांधले, हे समर्थनीय नाही. आपल्या भागात बसून तर ते मुळीच म्हणवणार नाही. पण त्याला तिथवर ढकलले कोणी, हा प्रश्न बाजीरावाच्या चरित्रकारांनी फारसा विचारलेला नाही. मला तो विचारावासा वाटतो.

पुढची हकीकत लोक रंगवून सांगतात. शाहू महाराज स्वतः तळेगावला आले, बाजीरावाला उमाबाईंच्या पायांवर घातले आणि त्यांच्या हाती तलवार देऊन म्हणाले, सूड घ्यायचा तर घ्या. तलवारीचा भाग कोणी नंतर जोडला असेल. महाराजांनी मधे पडून समेट घडवला, हे खरे आहे. धाकट्या यशवंतरावाला सेनापतीपद दिले. गुजरात दाभाड्यांकडे, माळवा पेशव्यांकडे, आणि गुजरातच्या उत्पन्नातला अर्धा भाग सरकारात भरायचा, असे ठरले. यशवंतराव लहान होता. म्हणजे कारभार आईकडे आला. मराठी राज्याचे सेनापतीपद आता व्यवहारात एका विधवेच्या हातात होते.

मुलाला मारणाऱ्याच्या समोर बसून मुलाच्या मरणाचा हिशेब मिटवायचा आणि दुसऱ्या मुलासाठी त्याच पदाची वस्त्रे घ्यायची, यावर बाईंना काय वाटले असेल याच्या कल्पना कादंबरीकारांनी कराव्यात. मला एवढेच दिसते की त्यांनी पद सोडले नाही आणि मुलूखही सोडला नाही.

वर्षभरातच त्याची परीक्षा झाली. एप्रिल १७३२ मध्ये डाकोरला पिलाजी गायकवाडाचा खून झाला. जोधपूरचा अभयसिंह तेव्हा बादशहाकडून गुजरातचा सुभेदार होता, आणि मारेकरी त्याचेच होते. उमाबाई स्वतः फौज घेऊन अहमदाबादवर गेल्या. बरोबर कंठाजी कदम आणि पिलाजीचा मुलगा दमाजी. मराठीत ही मोहीम सरळ विजय म्हणून सांगितली जाते. भद्र किल्ल्यापर्यंत धडक मारली, बाबी सरदाराला हरवले आणि शाहू महाराजांनी पायात सोन्याचे तोडे घातले. गुजरातच्या इतिहासात मात्र शहर पडले नाही असे आहे. दोन्हीकडे एका गोष्टीवर एकमत आहे : बाई परत निघाल्या तेव्हा चौथाई आणि सरदेशमुखी कबूल झाली होती आणि वर अहमदाबादच्या उत्पन्नातून ८०,००० रुपये ठरले होते. मोहीम कशासाठी काढली होती हे लक्षात घेतले, तर मी तिला विजयच म्हणेन. सोन्याच्या तोड्यांपेक्षा ते ८०,००० मला जास्त बोलके वाटतात.

यापुढची सतरा-अठरा वर्षे लढाईच्या कथांत येत नाहीत, पण खरे बीज त्यांतच आहे. यशवंतराव मोठा झाला तो व्यसनांत गुंतून. उमाबाई तळेगावला, सत्ता साताऱ्याला, आणि उत्पन्न गुजरातेत. गुजरातेत घोड्यावर बसून वसुली करणारा होता दमाजी. त्याचे ठाणे सोनगड. १७३४ मध्ये गायकवाडांनी बडोदे घेतले आणि ते पुन्हा त्यांच्या हातून गेले नाही. कागदोपत्री दमाजी सेनापतीचा मुतालिक होता, म्हणजे धन्याच्या वतीने काम पाहणारा. आपल्याकडच्या माणसाला हे वेगळे समजवायला नको. जमीन बटईने द्यायची, स्वतः शहरात राहायचे, आणि वीस वर्षांनी सातबाऱ्यावर कुळाचे नाव दिसले की तलाठ्याशी भांडायचे. दाभाड्यांचे तसेच झाले.

पण हे एकट्या दाभाड्यांचे झाले नाही. त्याच वर्षांत छत्रपतींचेही तेच झाले. शाहू महाराज साताऱ्यात, आणि माळवा, बुंदेलखंड, वसई जिंकणारा त्यांचा पेशवा. पेशवा आणि सेनापती दोघेही अष्टप्रधानांतले, दोघांना वस्त्रे देणारा हात एकच. पेशवा सेनापतीचा मालक नव्हता. काम करणाऱ्याच्या हाती फौज गेली, फौजेमागे पैसा गेला आणि पैशामागे अधिकार. तळेगावचा वाडा गायकवाडापुढे आणि साताऱ्याची गादी पेशव्यापुढे, असे दोन मालक एकाच वेळी रिकामे होत होते. उमाबाईंना दुसरी गोष्ट स्वच्छ दिसत होती. पहिली दिसत होती का, याविषयी मला शंका आहे.

शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी गेले. गादीवर रामराजा आला. सप्टेंबर १७५० मध्ये सांगोल्याला त्याच्याकडून कारभाराचे सगळे अधिकार नानासाहेब पेशव्याने आपल्याकडे घेतले. पाठोपाठ दाभाड्यांकडे मागणी गेली, अर्धा गुजरात द्या. शाहूकाळातला करार पेशव्याने बाहेर काढला, फक्त सरकारच्या जागी आता तो स्वतः होता.

उमाबाईंनी आधी वकील पाठवला, यादव महादेव निरगुडे. उपयोग झाला नाही. मग २२ नोव्हेंबर १७५० रोजी आळंदीला त्या स्वतः नानासाहेबाला भेटल्या. ही भेट मला सगळ्या कथेतली सर्वात महत्त्वाची वाटते. वय झालेले, प्रकृती साथ देत नव्हती, समोर बसलेला पेशवा मुलाच्या वयाचा, आणि आपल्या मुलाला मारणाऱ्याचा मुलगा. त्यांनी मुद्दा मांडला तो कराराचा. तो करार दाभाड्यांवर लादलेला होता, राजीखुशीचा नव्हता, म्हणून तो बांधील नाही. पेशव्याने ऐकले नाही. अर्धा मुलूख, आणि आजवर गुजरातेतून केलेल्या वसुलीतलाही अर्धा भाग, असे उत्तर मिळाले.

दोनच दिवसांनी, २४ नोव्हेंबरला, शाहू महाराजांच्या चुलती ताराबाईंनी रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले. चंपाषष्ठीच्या निमित्ताने त्याला वर बोलावले होते. ताराबाई आणि उमाबाई आधी एकमेकींना भेटल्या होत्या. १ ऑक्टोबरच्या शंभुमहादेवाच्या उत्सवात ही भेट झाली होती. म्हणजे आळंदीला बाई गेल्या तेव्हा दुसरी वाट तयार होती. याला कोणी कपट म्हणेल. मी त्याला सावधपणा म्हणेन. बोलून सुटले तर बरे, नाही तर फौज आहे, हे राजकारण पुरुषांनी केले की आपण त्याला मुत्सद्देगिरी म्हणतो.

आता हे बंड कोणाविरुद्ध, याचा विचार करा. राजाला कैद केले होते ताराबाईंनी, आणि त्या स्वतःला त्या राजाची आजी म्हणवत होत्या. उमाबाई उठल्या त्या पेशव्याविरुद्ध. आणि पेशव्याचे हुकूम ज्या अधिकाराने निघत होते, तो अधिकार त्याने त्याच राजाकडून दोन-तीन महिन्यांपूर्वी लिहून घेतला होता. कायद्याच्या काट्यावर तोलले तर दोन्ही पारडी हलकी भरतात. आपल्या शालेय पुस्तकात मात्र एकाच बाजूला बंड हे नाव मिळाले, दुसरीला राज्याचा विस्तार.

उमाबाईंच्या आधी पाच वर्षे, १७४६ मध्ये, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असाच एक उठाव चिरडला जात होता. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले सरदार पदच्युत स्टुअर्ट घराण्यासाठी लंडनच्या राजाविरुद्ध उठले होते. तिथे अ‍ॅन मॅकिन्टॉश नावाची विशीतली एक सरदारपत्नी होती. तिचा नवरा सरकारी फौजेत अधिकारी, आणि हिने त्याच्याच कुळातली माणसे उभी करून स्टुअर्ट राजपुत्राला दिली. त्या फेब्रुवारीत सरकारी फौज रात्री राजपुत्राला पकडायला तिच्या घराकडे निघाली. तिची पाच-एक माणसे, त्यांत एक लोहार, अंधारात ओरडत, बंदुका उडवत सुटली आणि दीड हजारांची ती फौज पळाली. पुढे नवरा बंडखोरांच्या हाती सापडला, तेव्हा राजपुत्राने त्याला कैदी म्हणून तिच्याच ताब्यात दिले. एप्रिलमध्ये कलोडनला सगळे संपले. ती सहा आठवडे कैदेत राहिली आणि सुटली. तिकडच्या लोकांनी तिची गाणी केली, चित्रे काढली. हरलेल्या बाजूच्या बाईवरही माया करता येते, हे त्यांना जमले. अ‍ॅनकडे तारुण्य होते आणि मजेदार किस्सा होता. उमाबाईंकडे होता वसुलीचा हिशेब. हिशेबावर पोवाडा रचणे अवघड आहे, हे मान्य करावे लागेल.

मार्च १७५१ ला परत येऊ. उमाबाईंच्या हुकमाने दमाजी १५,००० फौज घेऊन गुजरातेतून निघाला. नानासाहेब तेव्हा मोगलाईत होता, म्हणजे आपल्या आजोबांच्या तोंडी जी मोगलाई होती त्याच निजामाच्या मुलखात, मोहिमेवर. देश मोकळा होता. साताऱ्याच्या उत्तरेला निंब गावाजवळ दमाजीने पेशव्याची फौज मोडली आणि साताऱ्याला जाऊन ताराबाईंना भेटला. काही दिवस बंड यशस्वी झाले होते. पुणे घाबरले होते. मग १५ मार्चला वेण्णा नदीच्या काठी हरलेली फौज पुन्हा उभी राहिली आणि दमाजीला मागे रेटले. २४ एप्रिलला नानासाहेब धावत्या मजलांनी साताऱ्याला पोचला.

तहाची बोलणी सुरू झाली. पेशव्याची मागणी अर्धा गुजरात आणि २५ लाख रुपये. दमाजीने उत्तर दिले की मी तर मुतालिक, धनीण तळेगावला आहे, तिला विचारल्याशिवाय मी कबूल कसा करू? कायद्याने हे उत्तर बिनतोड होते. ३० एप्रिलला संध्याकाळी पेशव्याच्या फौजेने दमाजीच्या छावणीवर अचानक छापा घातला आणि त्याला पकडले. बोलणी चालू असताना हे झाले, म्हणून त्यानंतर दमाजी पेशव्याला डाव्या हाताने मुजरा करी, अशी आख्यायिका आहे. मे महिन्यात दाभाडे आणि गायकवाड यांची कुटुंबे अटकेत गेली. पुणे, मग लोहगड.

आता ताराबाईंचे काय झाले ते पाहा. राजाला कैद करणाऱ्या त्या, बंडाचे डोके त्या. पण छत्रपतींच्या घरातल्या. त्यांच्याशी पेशव्याने समेट केला. सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथा झाल्या, आणि रामराजा आपला नातू नाही असे ताराबाईंनी तिथे सांगितले. त्या १७६१ पर्यंत जगल्या, मानाने. उमाबाईंची जहागीर आणि पद दोन्ही गेले. शिक्षा गुन्ह्याच्या मापाने झाली नाही. ज्याचा मुलूख हवा होता, त्याला झाली.

दमाजी मार्च १७५२ मध्ये कबूल झाला. अर्धा गुजरात पेशव्याला द्यायचा, दरसाल सव्वापाच लाख भरायचे, आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे दाभाड्यांची नोकरी सोडून पेशव्याची धरायची. वर दाभाड्यांच्या पोटगीसाठी दरवर्षी काही रक्कम त्याने द्यायची. खंडेरावांनी ज्या घराला उभे केले, ते घर आता खंडेरावांच्या विधवेला पोटगी देणार. वर्षापूर्वी साताऱ्याला ‘धनिणीला विचारतो’ म्हणणारा हाच माणूस. मी त्याला दोष देत नाही. कैदेत असलेल्या माणसाकडून निष्ठेची अपेक्षा बाहेर बसून करणे सोपे आहे. पण उमाबाईंची एक मोठी चूक इथे सांगितली पाहिजे. त्यांनी वीस वर्षांत गुजरातेत स्वतःचा दुसरा माणूस उभा केला नाही. पेशव्याने छत्रपतींना कसे बाजूला सारले, हे त्या ताराबाईंना सांगू शकत होत्या. आपला मुतालिक आपल्याला तसेच बाजूला सारील, याची तजवीज त्यांनी केली नाही.

बायका आणि बंड म्हटले की आपल्या भागातले आणखी एक नाव आठवते. माहूरच्या देशमुखीण सावित्रीबाई, ज्यांना औरंगजेबाने रायबागन हा किताब दिला. त्यांनी बंड मोडले आणि मोगलांकडून शिवाजी महाराजांच्या विरोधातही गेल्या. १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाबरोबर त्या होत्या. माहूर इथून जवळ आहे, तरी रायबागन आपल्या व्याख्यानांत क्वचित येतात. ती बाजू चुकीची होती म्हणून गप्प बसायचे, असे आपण ठरवून टाकले आहे. उमाबाईंवरही त्यातलीच थोडी छाया आहे. त्रिंबकरावाला निजामाची फूस होती, मग सगळे घरच निजामाचे, असा सोयीचा निवाडा. १७५०-५१ मध्ये निजाम उमाबाईंच्या बाजूने नव्हता. तो पेशव्याच्या फौजेखाली स्वतःच बेजार होता. एवढे तपासले तरी निवाडा बदलतो.

१७५२ मध्ये कुटुंब सुटले. १७५३ च्या वसंतात पेशव्याचा भाऊ रघुनाथराव आणि दमाजी यांनी मिळून अहमदाबाद घेतले. वीस वर्षांपूर्वी ज्या शहराच्या वेशीवरून उमाबाई ८०,००० घेऊन परतल्या होत्या, ते शहर अखेर मराठ्यांचे झाले, अर्धे पेशव्याचे आणि अर्धे गायकवाडाचे. त्या तेव्हा पुण्यात आजारी होत्या. २८ नोव्हेंबर १७५३ रोजी त्या वारल्या. यशवंतराव पुढच्याच वर्षी मिरजेजवळ गेला. गायकवाड मात्र ‘सेनाखासखेल शमशेर बहादूर’ ही बिरुदे लावत १९४९ पर्यंत बडोद्याला राहिले. त्यातला शमशेर बहादूर बाळापूरच्या लढाईतला, दाभाड्यांच्या शिफारशीचा.

या घरातली आणखी एक गोष्ट पेशव्यांकडे गेली, तिच्याविषयी बोलून थांबतो. खंडेराव दरवर्षी श्रावणात तळेगावला ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. डभईनंतर घराची ताकद गेली, तेव्हा तो खर्च बाजीरावाने पुण्यात चालू केला. नानासाहेबाच्या काळात तो अवाढव्य झाला. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने तो ५०,००० रुपयांवर आणला. त्यातून १८२१ मध्ये पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली, तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. १८४९ मध्ये पुण्यातल्या तरुण सुधारकांनी अर्ज केला की या रकमेतला भाग मराठी ग्रंथांना द्या, आणि सनातन्यांच्या रागापासून त्यांना सांभाळायला जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी झाली. १८५५ मध्ये जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे आपले नाटक त्याच कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले.